‘पॉइंट’ म्हणजे नेमके काय, हे कामाआधी कसे ठरवावे

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात माझ्या मावसभावाचे जुने दुमजली घर आहे. काही वर्षांपूर्वी त्याने घरातील सगळी वायरिंग नव्याने करून घ्यायचे ठरवले आणि इलेक्ट्रिशियनशी ‘पॉइंटमागे इतके’ असा दर तोंडीच पक्का केला. काम सुरू होण्याआधी त्याने स्वतः घरभर फिरून मोजणी केली होती. १२ दिवे, ७ पंखे आणि भिंतींवरचे ९ स्वतंत्र प्लग मिळून त्याच्या हिशोबाने २८ पॉइंट झाले. काम संपल्यावर हाती आलेल्या बिलात मात्र ४१ पॉइंट होते. दोन दिवस धुसफूस झाल्यावर मी दोघांना समोरासमोर बसवले आणि वाढलेल्या तेरा पॉइंटांचा माग काढला. आठ स्विचबोर्डांवर बसवलेला प्रत्येकी एक प्लग कारागिराने वेगळा धरला होता, तर भावाच्या समजुतीप्रमाणे तो बोर्डातच आला होता. जिन्यातला दिवा खालून आणि वरून अशा दोन स्विचांनी चालणारा असल्याने त्याचा एक पॉइंट जास्तीचा लागला होता. दारावरची घंटी एक, इन्व्हर्टरची जोडणी एक, आणि ‘ते एसीवाला बघेल’ म्हणून भावाने मोजणीतून वगळलेल्या एसीच्या दोन जोडण्या, असे मिळून तेरा भरले. लबाडी कोणीच केली नव्हती. दर ठरला होता, पण तो कशाचा, हे ठरायचे राहून गेले होते.

कारखान्यांच्या सूचना, सहकारी संस्थांची पत्रके आणि अंदाजपत्रके मराठीत आणण्याचे काम मी या शहरात बरीच वर्षे केले आहे, आणि ज्या इंग्रजी शब्दाने मला सर्वांत जास्त वेळा थांबवले तो ‘पॉइंट’ हाच होय. अवघड इंग्रजी शब्द आला की आपण कोश उघडतो किंवा कोणाला तरी विचारतो, पण ‘पॉइंट’ हा आपल्या आजीच्याही बोलण्यातला असल्याने तो समजला असे प्रत्येकाला वाटते, आणि घोटाळा तिथेच होतो. एखाद्या व्यवसायात हा शब्द कानावर आला किंवा कागदावर दिसला, तर त्याचा अर्थ कसा लावावा, दुसऱ्याला तो कसा विचारावा आणि मराठीत तो कसा लिहावा, हे पुढे सांगितले आहे.

आधी शब्दाचे मूळ थोडक्यात पाहू, कारण ते पुढे उपयोगी पडते. टोचणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द निघाला आहे. आपण सायकलच्या दुकानात म्हणतो तो ‘पंक्चर’ही त्याच घराण्यातला. टोचणाऱ्या वस्तूचे टोक आणि टोचल्यावर मागे उरणारे टिंब, असे दोन्ही अर्थ या एका शब्दात एकत्र राहिले. टोकाच्या अर्थापासून हत्याराची अणी आणि रेल्वेचा पॉइंट आला, तर टिंबाच्या अर्थापासून जागा, क्षण, मोजमाप, दशांश चिन्ह आणि चर्चेतला मुद्दा असा मोठा गोतावळा वाढला. म्हणून अनोळखी ठिकाणी हा शब्द भेटला, तर मी पहिल्यांदा मनाशी एवढेच विचारतो, की हे टोक आहे की टिंब.

क्रियापद आणि विभक्ती पाहावी

मराठीत ‘पॉइंट’ पुल्लिंगी आहे आणि त्याचे एकवचन व अनेकवचन सारखेच दिसते, त्यामुळे शब्दाच्या रूपावरून फारसे काही कळत नाही. कळते ते शेजारच्या क्रियापदावरून. इलेक्ट्रिशियन पॉइंट काढतो, जुन्या स्कूटरचा मेकॅनिक पॉइंट घासतो, वकील पॉइंट मांडतो, संघ पॉइंट मिळवतो, रेल्वेचा पॉइंट फेल होतो आणि वाहतूक पोलीस पॉइंटवर उभा असतो. ही क्रियापदे कोणी शिकवलेली नाहीत. प्रत्येक धंद्याने आपापल्या कामाला शोभणारे क्रियापद या परक्या शब्दाला जोडून घेतले आहे. म्हणून ऐकताना ‘पॉइंट’वर न थांबता वाक्य शेवटपर्यंत ऐकावे. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने अर्थाची किल्लीही शेवटीच हाती लागते.

विभक्तीचा प्रत्यय दुसरी खूण देतो. शेअर बाजार ‘पॉइंटनी’ पडतो. इथे तृतीया फरकाचे माप दाखवते. झेल ‘पॉइंटला’ उडतो. इथे मैदानातली जागा आहे. मजकूर ‘चौदा पॉइंटमध्ये’ छापला जातो. इथे अक्षराचा आकार आहे. हा ठोकताळा बहुतेक वेळा चालतो, पण एकट्या क्रियापदावर विसंबू नये, कारण ‘त्याने नवा पॉइंट काढला’ हे वाक्य इलेक्ट्रिशियनविषयी असेल तर भिंतीला खाच पडलेली असते आणि सोसायटीच्या सभेतल्या सभासदाविषयी असेल तर सभा आणखी अर्धा तास लांबलेली असते. कर्ता कोण आहे हे कळल्याशिवाय क्रियापदाची साक्ष पुरी होत नाही.

आकडा कुठे बसला आहे

यानंतर आकड्याकडे पाहावे. ‘सहा पॉइंट’ यात आकडा वस्तू मोजतो आहे, ‘बारा पॉइंट’ या छपाईतल्या शब्दांत तो आकार सांगतो आहे, आणि ‘नव्याण्णव पॉइंट चार’ यात तर पॉइंटच आकड्याच्या पोटात शिरला आहे. पहिल्या प्रकारात काय मोजले हे विचारावे, दुसऱ्यात एकक किती मोठे आहे हे विचारावे. तिसरा प्रकार सर्वांत सोपा वाटतो आणि म्हणूनच त्यात सर्वांत जास्त चुका होतात.

दशांश चिन्हानंतरचे अंक एकेक करून वाचावेत, ही शाळेतली शिस्त आपण बोलताना मोडतो. १.२५ याला ‘एक पॉइंट पंचवीस’ म्हटले तरी व्यवहारात चालून जाते, पण ‘एक पॉइंट नऊ’ आणि ‘एक पॉइंट पंधरा’ यांत मोठे काय, असे विचारल्यास ऐकणारा चटकन पंधराकडे झुकतो, आणि ते चूक आहे. औषधाच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते. म्हणून अर्धा मिलिग्रॅम लिहायचे असेल तर पुढचे शून्य न गाळता ०.५ असे लिहावे, आणि पाच मिलिग्रॅम लिहायचे असेल तर मागे शून्य न लावता नुसते ५ लिहावे, अशी औषधलेखनातली शिस्त आहे. टिंब पुसट उमटले किंवा फोटोत गळून गेले, तर .५ चे ५ होतात आणि ५.० चे ५० होतात, म्हणजे दोन्ही वेळा मात्रा दहापट होते. घरात लहान मुलाचे पातळ औषध असेल आणि फोनवरून प्रमाण सांगितले जात असेल, तर ‘दोन पॉइंट पाच’ ऐकल्यावर ‘म्हणजे अडीच मिलिलिटर ना’ असे उलट विचारून घ्यावे. अडीच, दीड, सव्वा हे आपले शब्द इथे पॉइंटपेक्षा पुष्कळ भरवशाचे आहेत, कारण त्यांत गळून पडण्यासारखे टिंबच नाही.

काही ठिकाणी तर दशांश चिन्हासारखे दिसणारे टिंब दशांश चिन्ह नसतेच. क्रिकेटच्या धावफलकावर १९.४ षटके असे दिसते, तेव्हा त्याचा अर्थ एकोणीस षटके आणि चार चेंडू असा असतो. पुढचे दोन चेंडू पडले की १९.६ न होता थेट २० होतात. धावगती काढायची असेल तर चार चेंडूंचे ४/६ करून १९.६७ ने भागावे लागते. हे विसरून १९.४ ने भागणारे हौशी जाणकार मी मोतीबागेच्या मैदानाबाहेर चहा पिताना पाहिले आहेत. मोबाइलमधल्या अ‍ॅपच्या आवृत्तीचेही असेच आहे : २.९ नंतर २.१० येते आणि ती नवी असते.

विजेचा पॉइंट

घराघरांत ज्या पॉइंटवर पैसे खर्च होतात तो विजेचा, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पद्धतीत ‘पॉइंट वायरिंग’ आणि ‘सर्किट वायरिंग’ या दोन वेगळ्या बाबी आहेत. स्विचबोर्डापासून दिव्यापर्यंत किंवा पंख्यापर्यंतची नळी, तारा, स्विच आणि छतावरची जोडणी हे सगळे मिळून एक पॉइंट होतो, तर मुख्य वितरण पेटीपासून त्या स्विचबोर्डापर्यंत आलेल्या तारांची लांबी मीटरमध्ये मोजली जाते. एका स्विचवर तीन दिवे असतील तर पहिला मुख्य आणि उरलेले दोन दुय्यम पॉइंट धरले जातात आणि त्यांचे दर वेगळे असतात. दोन ठिकाणांहून चालणारा जिन्याचा दिवा हीदेखील निराळी बाब धरली जाते. खासगी कारागीर ही पद्धत जशीच्या तशी पाळत नाही आणि त्याने ती पाळावी असा आग्रहही नसावा, पण वाद कोणत्या जागी होऊ शकतो याची ही यादी आयतीच मिळते.

दर ठरवण्याआधी कारागिराला पाच गोष्टी विचाराव्यात, आणि त्या घरातल्या एखाद्या भिंतीकडे बोट दाखवून विचाराव्यात, कारण हवेत विचारलेल्या प्रश्नाला ‘हो, हो, सगळे आले’ हेच उत्तर मिळते. बोर्डावरचा प्लग वेगळा मोजणार का? जिन्याचा दिवा एक धरणार की दोन? एका स्विचवरच्या दोन दिव्यांचे किती? पेटीपासून बोर्डापर्यंतची तार पॉइंटच्या दरात आली की मीटरने वेगळी? आणि भिंतीची खाच बुजवून प्लास्टर करून देण्याचे काम कोणाचे? माझ्या अनुभवात शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही आणि शेवटी गवंड्याला वेगळे बोलवावे लागते.

पॉइंट मोजण्यामागे पैशापलीकडचे कारणही आहे. दिवे, पंखे आणि लहान प्लग यांच्या एका उपसर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट असू नयेत आणि एकूण भार ८०० वॉटच्या आत राहावा, असा आपल्याकडील वायरिंगचा प्रचलित नियम आहे. गीझर, इस्त्री यांसारख्यांसाठी लागणारा ‘पॉवर पॉइंट’ वेगळ्या सर्किटवर असतो. त्याचा प्लग १६ अँपिअरचा आणि साधा ६ अँपिअरचा, जरी जुने लोक अजून पंधरा आणि पाच असेच म्हणत असले तरी. हाच ‘पॉवर पॉइंट’ शब्द व्याख्यानाच्या आयोजकाने फोनवर उच्चारला, तर त्याला भिंतीवरचा मोठा प्लग हवा आहे की पडद्यावर चित्रे दाखवायचा संगणक, हे विचारूनच सभागृहाच्या व्यवस्थापकाला निरोप द्यावा. मी न विचारता एकदा निरोप दिला होता, आणि व्याख्यात्याला व्यासपीठावर सुरेख नवा प्लग मिळाला होता.

प्लंबरही हल्ली पॉइंटवर दर सांगतो. त्याच्याकडे वाद बहुधा गरम-थंड मिक्सरवर होतो, कारण आपल्याला नळ एक दिसतो आणि त्याला भिंतीत दोन जोडण्या द्याव्या लागतात. गवंड्याचे ‘पॉइंटिंग’ मात्र या कुळातले नाही. विटांच्या किंवा दगडांच्या सांध्यांत चुना-सिमेंट दाबून बसवणे, म्हणजे दरजा भरणे, हा त्याचा अर्थ, आणि त्याचा दर भिंतीच्या क्षेत्रफळावर ठरतो. ‘पॉइंटिंगचे किती पॉइंट झाले’ असे विचारल्यास गवंडी आपल्याकडे दयेने पाहतो.

छापखान्यातला पॉइंट

लग्नपत्रिका, स्मरणिका किंवा संस्थेचा अहवाल छापायला देणाऱ्याला ‘कितीचा पॉइंट ठेवू?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. छपाईतला पॉइंट हे लांबीचे एकक आहे. संगणकावर इंचाचे ७२ पॉइंट होतात, म्हणजे एक पॉइंट सुमारे ०.३५ मिलिमीटर भरतो, आणि १२ पॉइंटांचा एक पायका होतो. या हिशोबाने १४ पॉइंट म्हणजे जवळजवळ ५ मिलिमीटर. पण पट्टी घेऊन छापलेले अक्षर मोजले, तर ते तेवढे कधीच भरत नाही, आणि ग्राहकाला वाटते की छापखान्याने लहान टाइप वापरला. याचे कारण शिशाच्या खिळ्यांच्या काळातले आहे. जुळारी जे खिळे जुळवत असे, त्या खिळ्याच्या ठोकळ्याची उंची पॉइंटमध्ये सांगितली जाई. ठोकळ्यावर कोरलेले अक्षर त्याहून लहानच असे. खिळे गेले, संगणक आला, तरी मोजण्याची रीत तीच राहिली.

देवनागरीत तर हे अंतर आणखी जाणवते. वेलांटी, मात्रा आणि रफार यांना वर जागा लागते आणि उकारांना खाली, त्यामुळे ठोकळ्याच्या मधल्या भागात मूळ अक्षराला कमी उंची उरते. रोमन लिपीच्या १२ पॉइंटांशेजारी मराठी १२ पॉइंट बहुधा बारीक दिसते, आणि दोन वेगवेगळ्या मराठी फाँटांचे १२ पॉइंटही एकमेकांसारखे दिसत नाहीत. म्हणून वडीलधाऱ्यांनी वाचायचा मजकूर असेल, तर छापखान्याला आकडा सांगून निश्चिंत होऊ नये. त्याच फाँटातला एक परिच्छेद प्रत्यक्ष कागदावर काढून मागावा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला संध्याकाळच्या उजेडात वाचायला द्यावा. पडद्यावर पाहून होकार देऊ नये, कारण पडद्यावर मजकूर लहान-मोठा करता येतो. छापखान्यात ‘चौदा वर अठरा’ असेही ऐकू येते. त्यातला दुसरा आकडा दोन ओळींच्या तळांमधले अंतर असते, आणि मराठीसाठी ते थोडे सढळ ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो.

बाजार, बँक आणि सराफ

शेअर बाजारातला पॉइंट म्हणजे रुपया नव्हे, हे वारंवार सांगावे लागते. सेन्सेक्सची सुरुवात १९७८-७९ या वर्षाला १०० मानून झाली आणि निफ्टीची नोव्हेंबर १९९५ मधील पातळीला १,००० मानून. पॉइंट म्हणजे त्या पायाच्या तुलनेत मोजलेला अंक. त्यामुळे ‘सेन्सेक्स ८०० पॉइंटनी कोसळला’ या मथळ्याला निर्देशांक कुठे होता हे कळल्याशिवाय काहीच अर्थ नाही : २०,००० वर असताना ती ४ टक्क्यांची पडझड असते आणि ८०,००० वर असताना जेमतेम १ टक्क्याची. मराठी वृत्तपत्रे इथे ‘अंश’ लिहितात. शब्द चांगला आहे, फक्त उन्हाळ्यात तापमानाच्या बातमीशेजारी तो थोडा गमतीदार दिसतो.

बँकेच्या पत्रातला ‘बेसिस पॉइंट’ म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग. व्याजदर २५ बेसिस पॉइंटनी वाढला म्हणजे ८.५० टक्क्यांचा ८.७५ टक्के झाला, आणि २० लाख रुपये कर्ज शिल्लक असेल तर वर्षाचे व्याज सुमारे ५,००० रुपयांनी वाढले. हेच ‘व्याजदर पाव टक्क्याने वाढला’ असे लिहिले तर नेटका वाचक विचारू शकतो, की दरात पाव मिळवायचा की दराच्या पाव टक्का वाढवायचा. पत्रक लिहिताना ‘इतक्यावरून इतका झाला’ असे दोन्ही आकडे दिले की शंकाच उरत नाही.

हिऱ्यांच्या बाजारात, आणि सुरत आपल्यापासून काही दूर नाही, पॉइंट हे वजन आहे. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचे १०० पॉइंट होतात. काही सराफ पॉइंटऐवजी सेंट म्हणतात. अंगठी घेताना ‘पन्नास पॉइंट’ ऐकू आले, तर ते एका खड्याचे वजन आहे की सगळ्या खड्यांची बेरीज, हे विचारावे आणि पावतीवर वेगवेगळे लिहून घ्यावे, कारण दर्जा सारखाच असला तरी ५० पॉइंटांचा एक हिरा १० पॉइंटांच्या पाच हिऱ्यांपेक्षा पुष्कळ महाग असतो. सोन्याचे कॅरेट हे शुद्धतेचे माप असून त्याचा या वजनाशी संबंध नाही.

कारखाना, रूळ आणि मैदान

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत गेल्यास पॉइंटचा टोकाचा अर्थ भेटतो. ड्रिलचा पॉइंट म्हणजे त्याची अणी, आणि तिचा कोन साध्या कामासाठी ११८ अंशांचा व कठीण धातूसाठी बहुधा १३५ अंशांचा असतो. लेथवरचे ‘सिंगल पॉइंट टूल’ म्हणजे एकाच टोकाने कापणारे हत्यार. जुन्या स्कूटरमधले पॉइंट म्हणजे इंजिनाच्या तालावर मिटणारी आणि उघडणारी धातूची दोन तोंडे. ती उघडताना ठिणगी पडते, म्हणून त्यांच्यातली फट मिलिमीटरच्या एका लहान अंशात नेमकी ठेवावी लागे, आणि काजळी धरली की पॉलिश पेपरने घासावी लागत. आजच्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक जोडणी करते, त्यामुळे ‘पॉइंट गेलेत’ हे निदान ऐकू आल्यास मेकॅनिकचे वय पन्नाशीपुढचे समजायला हरकत नाही.

कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे आणि तिथे नोकरी केलेले मराठी घर इथे सहज सापडते, म्हणून ‘फ्लॅश पॉइंट’ हा शब्द अनेकांच्या ओळखीचा आहे. त्याचा अर्थ मात्र पुष्कळदा चुकीचा सांगितला जातो. त्या तापमानाला द्रव आपोआप पेटत नाही. त्या तापमानाला त्याची वाफ इतकी सुटते, की जवळ ज्योत आणल्यास ती क्षणभर भडकते. पेट्रोलियम कायद्यात २३ अंश सेल्सिअसखाली फ्लॅश पॉइंट असलेले पदार्थ ‘अ’ वर्गात आणि २३ ते ६५ मधले ‘ब’ वर्गात ठेवले आहेत ते याच मोजमापावर. सूचनाफलक लिहिताना नुसते ‘ज्वलनबिंदू २३ अंश’ असे लिहू नये. ‘यापेक्षा जास्त तापमानात वाफ ठिणगीने पेटू शकते’ हे पूर्ण वाक्य लिहावे. त्याच फाटकाजवळ ‘असेंब्ली पॉइंट’ असा हिरवा फलक असतो. संकटाच्या वेळी सर्वांनी जमण्याची ती जागा, परंतु यंत्रांचे भाग जोडणाऱ्या विभागाला ‘असेंब्ली’ म्हणणाऱ्या नव्या कामगाराला तो फलक कामाचीच जागा वाटतो. इथे मी कधीही लिप्यंतर करत नाही. ‘आग लागल्यास येथे जमावे’ एवढे चार शब्द पुरतात.

रेल्वेचा पॉइंट म्हणजे एका रुळावरून दुसऱ्यावर गाडी वळवणारी निमुळत्या रुळांची हलती जोडी, जिला आपण सांधा म्हणतो. ‘पॉइंट बिघडल्याने गाड्या उशिरा’ या बातमीत ठिकाण बिघडलेले नसते, सांधा पुरता सरकलेला नसतो. ‘१ ला १२’ किंवा ‘१ ला साडेआठ’ हे आकडे वळणाची तीव्रता सांगतात, आणि मागचा आकडा जितका मोठा तितके वळण सौम्य. मियागाम ते डभोई हा खंडेराव गायकवाडांच्या काळातला रूळमार्ग १८६२ चा, आणि आरंभी त्यावरच्या गाड्या बैल ओढत असत. तेव्हापासून या भागातल्या लोकांच्या तोंडी रेल्वेचे शब्द रुळले आहेत, तरी पॉइंट ऐकून जागाच डोळ्यांपुढे येते.

क्रिकेटमधला पॉइंट हा बॅटच्या टोकासमोरचा क्षेत्ररक्षक, आणि गुणतक्त्यातला पॉइंट वेगळा. रणजी सामन्यात निर्णायक विजयाला ६ गुण आणि अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीला ३ गुण मिळतात. या दुसऱ्या अर्थाला ‘गुण’ हा शब्द तयार असताना बातमीत ‘पॉइंट’ लिहिणे मला तरी आळशीपणाचे वाटते.

मराठीत काय लिहावे

वडोदऱ्याला हा प्रश्न नवा नाही. सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या आज्ञेने तयार झालेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ १९३१ मध्ये निघाला, आणि त्यात राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द मांडलेले आहेत. त्या कोशाकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याने आधी क्षेत्र बांधून घेतले. कारभार हे क्षेत्र ठरल्यावर शब्दाचे बाकीचे अर्थ आपोआप बाजूला राहतात. आपणही प्रतिशब्द शोधण्याआधी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात क्षेत्र लिहून ठेवावे.

मराठी शब्द रुळलेला असेल तिथे तोच वापरावा. सभागृहातला ‘पॉइंट ऑफ ऑर्डर’ हा हरकतीचा मुद्दा, पाणी उकळते तो उत्कलनबिंदू, दव पडते तो दवबिंदू, रुळांचा तो सांधा, भिंतीची ती दरज, स्पर्धेतले ते गुण. विजेचा, छपाईचा, हिऱ्याचा आणि मैदानातल्या जागेचा पॉइंट तसाच ठेवावा, कारण तिथे बनवलेला मराठी शब्द कारागिराला कळणार नाही आणि कागद ज्याच्यासाठी लिहिला तोच अडेल. ज्याला पर्यटनाचे पत्रक लिहायचे असेल त्यानेही महाबळेश्वरच्या ‘पॉइंटां’ना हात लावू नये, तिथे ती विशेषनामेच झाली आहेत. पॉइंटचे दोन वेगळे अर्थ एकाच कागदावर येत असतील, तर एकाला पॉइंट म्हणावे आणि दुसऱ्याला काहीही करून दुसरा शब्द द्यावा.

कागदावर व्याख्या लिहिताना ती नामाने न लिहिता मोजणीने लिहावी. ‘पॉइंट म्हणजे विद्युत जोडणीचे ठिकाण’ हे वाक्य बरोबर आहे आणि निरुपयोगी आहे. ‘बोर्डावरचा प्लग अर्धा पॉइंट, जिन्याचा दिवा दोन पॉइंट, घंटी एक पॉइंट, पेटीपासून बोर्डापर्यंतची तार मीटरने वेगळी’ हे वाक्य ओबडधोबड आहे, पण बिल त्याच्याशी ताडून पाहता येते. कारागीर गुजराती बोलणारा असेल, तर लिहिलेले त्याला मोठ्याने वाचून दाखवावे आणि त्याने ‘पॉइंट दीठ’, म्हणजे पॉइंटमागे, जो भाव सांगितला तो त्याच्याच शब्दांत खाली उतरवून घ्यावा.

भावाने पुढच्या वर्षी न्हाणीघराचे काम काढले तेव्हा असाच अर्ध्या पानाचा कागद केला. मी लिहिलेल्या सहा ओळी प्लंबरने लक्षपूर्वक ऐकल्या, खिशातले पेन काढले आणि सातवी ओळ स्वतःच गुजरातीत जोडली : मिक्सरना बे पॉइंट.